कॅमचा लौकिक, स्प्रिंगची मर्यादा

चार-स्ट्रोक इंजिनाच्या इतिहासात कॅमशाफ्टच्या वाट्याला जेवढी प्रसिद्धी आली, तेवढी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या वाट्याला कधीच आली नाही. कॅम घासणाऱ्या कारागिरांची नावे जाहिरातींत, मासिकांत आणि शर्यतीच्या गाड्यांच्या पत्र्यावर झळकली. स्प्रिंग मात्र बहुतेक वेळा निनावीच राहिली, आणि तरीही इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांपर्यंत शाबूत राहील याचा निवाडा त्या तारेच्या वेटोळ्यांनीच केला. जुन्या, स्वस्त गाड्या घेऊन त्यांची इंजिने वेगासाठी नव्याने बांधण्याचा जो ‘हॉट रॉड’ नावाचा धंदा दक्षिण कॅलिफोर्नियात 1930 नंतरच्या तीन दशकांत उभा राहिला, त्याचा इतिहास बहुधा कॅमच्या अंगाने सांगितला जातो. तोच इतिहास स्प्रिंगच्या अंगाने वाचला, तर सुटा भाग विकणारा धंदा जुळवलेला संच विकणारा का झाला, याचा उलगडा अधिक नीट होतो.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा दांडा. त्यावरच्या उंचवट्यांना लोब म्हणतात. लोब फिरताना आपल्यावर टेकलेल्या टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत किंवा थेट व्हॉल्व्हला उघडतो, आणि व्हॉल्व्ह आपल्या बैठकीपासून जास्तीत जास्त जेवढा सरकतो त्या अंतराला लिफ्ट असे नाव आहे. उघडण्याचे काम कॅम जबरदस्तीने करून घेतो, परंतु बंद करण्याची ताकद त्याच्यापाशी नसते. ते काम स्प्रिंगचे. त्यातही स्प्रिंगची खरी कसोटी व्हॉल्व्ह बैठकीवर टेकतो तेव्हा नव्हे, तर त्याआधीच, लोबच्या शेंड्यावर लागते, कारण वर निघालेल्या व्हॉल्व्हला, टॅपेटला आणि मधल्या सगळ्या भागांना तेथे थांबवून उलट फिरवायचे असते, आणि हे वजन रोखून लोबला चिकटवून ठेवणारे स्प्रिंगशिवाय दुसरे काहीही नसते. या भागांच्या जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 5,000 फेऱ्यांवर जी स्प्रिंग पुरेशी असते, तिला 7,000 फेऱ्यांवर जवळजवळ दुप्पट जोर पेलावा लागतो. तो पेलला नाही की टॅपेट लोब सोडून हवेत तरंगतो, व्हॉल्व्ह नको तेवढा वेळ उघडा राहतो, बैठकीवर आपटून उसळी मारतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनला तो भेटला, तर इंजिनाचे आयुष्य तेथेच संपते. कारागिरांच्या बोलीत याला ‘व्हॉल्व्ह फ्लोट’ म्हणतात.

हॉट रॉडवाल्यांचे पहिले मोठे भांडवल फोर्डचे 1932 साली आलेले व्ही-एट इंजिन होते. 221 घनइंचांचे आणि सुरुवातीला 65 अश्वशक्तीचे हे इंजिन सामान्य माणसाच्या किमतीत मिळणारे पहिले आठ सिलिंडरांचे यंत्र ठरले, आणि त्याच्या व्हॉल्व्हची जागा सिलिंडर हेडात नसून खाली ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी असल्यामुळे वरचे हेड सपाट राहिले व ‘फ्लॅटहेड’ हे नाव त्याला चिकटले. या रचनेत पुशरॉड आणि रॉकर नसतात. टॅपेट सरळ व्हॉल्व्हच्या दांड्याखाली बसतो, त्यामुळे हलणाऱ्या भागांचे वजन कमी असते. इंजिनाला श्वास मात्र कोंदट मिळतो, कारण वायूला वळसा घालून आत जावे आणि बाहेर पडावे लागते. मुरॉक आणि पुढे एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर ही इंजिने पळवली जात, आणि तेथील वेग मोजण्याला शिस्त लावण्यासाठी 1937 साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. कोंदट श्वासावर कारागिरांना दिसलेला पहिला उपाय म्हणजे व्हॉल्व्ह अधिक वर आणि अधिक वेळ उघडा ठेवणारा कॅम.

असा कॅम बहुधा नवा ओतला जात नसे. कारखान्यातलाच कॅम घेऊन त्याच्या लोबचा मूळ गोल भाग घासून लहान केला जाई, म्हणजे शेंडा होता तेथेच राहून त्याची सापेक्ष उंची वाढे. या युक्तीमुळे लगेच दोन अडचणी उभ्या राहिल्या. गोल भाग लहान झाल्याने टॅपेट खाली बसू लागला आणि व्हॉल्व्हशी त्याचे अंतर वाढले. फोर्डच्या मूळ टॅपेटला हे अंतर जुळवण्याची सोयच नव्हती, कारखान्यात ते व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक घासून साधले जाई. त्यामुळे जॉन्सन नावाने विकले जाणारे, स्क्रूने उंची बदलता येणारे टॅपेट हा घासलेल्या कॅमचा सोबती बनला. दुसरी अडचण स्प्रिंगची होती, आणि तिच्यावरचा तोडगा भंगारखान्यात सापडला. फोर्डच्याच घराण्यातील लिंकन-झेफर या 1936 साली आलेल्या महागड्या गाडीत बारा सिलिंडरांचे, त्याच फ्लॅटहेड धर्तीचे इंजिन होते. त्याच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा अधिक ताठ होत्या आणि व्ही-एटमध्ये चपखल बसत. ‘झेफर स्प्रिंगा’ हा शब्द पुढे पंधरा-वीस वर्षे फ्लॅटहेड बांधणाऱ्यांच्या तोंडी इतका बसला की कॅम बदलला म्हणजे झेफर स्प्रिंगा टाकायच्या, हे वेगळे सांगण्याचीही गरज उरली नाही. कॅम आणि स्प्रिंग यांची जोडी जमवण्याचा या धंद्यातला हा पहिला सर्वमान्य नियम म्हणता येईल. मात्र तो अनुभवातून आलेला होता, मोजमापातून नव्हे.

कॅम घासण्याची विद्या या काळात मोजक्या हातांत होती. एड विनफील्ड हा लॉस एंजेलिस परिसरातील कार्ब्युरेटर आणि कॅम यांचा अबोल, आपली पद्धत सहसा उघड न करणारा कारागीर या परंपरेच्या मुळाशी उभा आहे. क्ले स्मिथ हा त्याच्या पुढच्या पिढीतला. 1952 साली ट्रॉय रटमनने जिंकलेल्या इंडियानापोलिस 500 शर्यतीत गाडीची जबाबदारी त्याच्यावर होती, आणि 1954 साली इलिनॉयमधील ड्यू क्वॉइन येथे शर्यतीच्या मैदानावरच्या अपघातात त्याचा अंत झाला. या दोघांच्या मानाने एड इस्केंडेरियन हा आर्मेनियन कुटुंबातला तरुण वेगळ्या वृत्तीचा होता. टूल-अँड-डाय मेकरची उमेदवारी केलेल्या आणि युद्धकाळात हवाई दलात काम केलेल्या या माणसाला स्वतःच्या गाडीच्या कॅमसाठी फार थांबावे लागले, तेव्हा त्याने 1946 साली एक जुने दंडगोल घासण्याचे ग्राइंडर मिळवून त्याचे कॅम घासण्याच्या यंत्रात रूपांतर केले. 1948 च्या जानेवारीत हॉट रॉड मासिक निघाले आणि त्याच वर्षी त्याची टी-मॉडेलची उघडी गाडी मुखपृष्ठावर आली. गुरूंची मौनवृत्ती त्याने पूर्णपणे सोडून दिली. जाहिरात, कॅटलॉग आणि तांत्रिक सल्ला यांच्या जोरावर त्याने कॅमला विकाऊ माल बनवले. एका अर्थाने कॅमच्या अवास्तव लौकिकाची जबाबदारी त्याच्यावर येते, परंतु कॅटलॉग छापून दूरच्या गावी माल पाठवणाऱ्यालाच हेही उमगते की गिऱ्हाइकाजवळ झेफर स्प्रिंगांचे अनुभवज्ञान नसते, आणि तुटलेल्या स्प्रिंगेचा दोष तो कॅमवरच ढकलतो.

1955 साली शेव्हरोलेचे 265 घनइंचांचे ‘स्मॉल-ब्लॉक’ व्ही-एट बाजारात आले आणि सगळी गणिते बदलली. व्हॉल्व्ह आता हेडात होते, श्वास मोकळा होता, रॉकर ओतीव न करता पत्र्यातून ठोकून काढलेले आणि गोलकावर झुलणारे असल्याने हलके होते. फ्लॅटहेडच्या तुलनेत कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पुशरॉडचा लांब, किंचित लवचीक दुवा आला, तरीही हे इंजिन त्या काळच्या मानाने चढ्या वेगाला सहज जाई. या इंजिनासाठी कंपनीतल्या झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने तयार केलेला कॅम ‘डंटोव्ह कॅम’ या नावाने, आणि सुट्या भागाच्या क्रमांकाच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून ‘शून्य-नऊ-सात’ म्हणूनही, ओळखला गेला. 1956 च्या जानेवारीत डेटोनाच्या वाळूवर त्याने या कॅमच्या कॉर्व्हेटमधून ताशी 150 मैलांची मर्यादा ओलांडली. या कॅमचा अभ्यास करण्यासारखा गुण त्याच्या संयमात आहे. तो काळ अधिकाधिक लिफ्टच्या मोहाचा होता, आणि डंटोव्हने लिफ्ट 0.4 इंचाच्या आसपासच ठेवून व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ वाढवला. टॅपेटही तेलाच्या दाबावर आपोआप अंतर जुळवणारे हायड्रॉलिक न ठेवता भरीव ठेवले, कारण व्हॉल्व्ह एकदा तरंगला की हायड्रॉलिक टॅपेट त्या मोकळ्या अंतरात तेल भरून फुगतो आणि व्हॉल्व्हला नीट बंदच होऊ देत नाही. हाती असलेल्या स्प्रिंगेला झेपेल एवढेच मागणारा कॅम, असे त्याचे वर्णन करणे वावगे ठरणार नाही, आणि जाहिरातींतल्या लिफ्टच्या आकड्यांपेक्षा हे शहाणपण अधिक मोलाचे होते.

स्प्रिंगेला किती झेपते, हा प्रश्न मात्र केवळ ताठपणाचा नाही, आणि हे अभियांत्रिकीला कळून चुकले होते. स्प्रिंगेला स्वतःचे वजन असते आणि स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या असते. कॅमच्या हादऱ्यांतला एखादा सूर त्या संख्येशी जुळला, तर स्प्रिंगेच्या मधल्या वेटोळ्यांत लाट उठते, ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत राहते, आणि त्या क्षणी टोकावर मिळणारा दाब कागदावरच्या दाबापेक्षा बराच कमी असू शकतो. या विकाराला ‘सर्ज’ म्हणतात. इंजिन 6,000 फेऱ्यांवर असताना कॅमशाफ्ट सेकंदाला 50 वेळा फिरतो. स्प्रिंगेची कंपनसंख्या सेकंदाला 450 असेल, तर कॅमच्या गतीतला नववा उपसूर तिला नेमका जागा करतो. जुन्या पद्धतीचे कॅम वर्तुळाचे कंस आणि सरळ रेषा जोडून आखले जात. एक कंस संपून दुसरा सुरू होतो तेथे प्रवेग झटक्याने बदलतो, आणि अशा प्रत्येक झटक्यात वरच्या उपसुरांचा भरणा असतो. म्हणजे स्प्रिंग तुटली तरी तिला तोडणारे कारण कित्येकदा लोबच्या आकारात दडलेले असे. 1948 साली अमेरिकेतल्या डब्ल्यू. एम. डडली यांनी बहुपदी सूत्राने कॅम आखण्याची, आणि त्या सूत्रात पुशरॉड-रॉकरचा लवचीकपणाही धरण्याची पद्धत मांडली. ती ‘पॉलिडाइन’ या नावाने रूढ झाली. कारखान्यांच्या प्रयोगशाळांनी ती उचलली, परंतु मास्टर कॅमवरून नक्कल घासणाऱ्या छोट्या दुकानांपर्यंत हे गणित झिरपायला वेळ लागला.

दरम्यान स्प्रिंग बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने जे करता येईल ते केले. एकच जाड तारेची स्प्रिंग वापरण्याऐवजी एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगा आल्या. त्यांची वेटोळी एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक उजवीकडे आणि दुसरी डावीकडे वळवलेली असे, दोघींच्या कंपनसंख्या वेगळ्या असल्याने लाट दोघींत एकदम उठत नसे, आणि एक तुटलीच तर दुसरी व्हॉल्व्हला सिलिंडरात पडू देत नसे. स्प्रिंगेच्या आत घासत राहणारी चपटी पट्टी बसवून घर्षणाने लाट जिरवण्याची युक्तीही रूढ झाली. तारेचा पोलाद क्रोम-व्हॅनेडियमचा, मग क्रोम-सिलिकॉनचा झाला. पृष्ठभागावर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून तो दाबाखाली ठेवला, की तडा सुरू व्हायला जागा मिळत नाही, हेही उमगले.

आता जुळवणी प्रत्यक्ष टेबलावर कशी होते ते पाहू. स्मॉल-ब्लॉक शेव्हरोलेच्या हेडात बंद व्हॉल्व्हच्या स्थितीत स्प्रिंगेसाठी सुमारे 1.7 इंच उंचीची जागा असते. या उंचीवर एखादी स्प्रिंग 80 पौंड दाब देत असेल आणि व्हॉल्व्ह 0.45 इंच उघडल्यावर तोच दाब 200 पौंड होत असेल, तर दर इंचाला तिचा ताठपणा सुमारे 267 पौंड ठरतो. हेड जुने असेल आणि व्हॉल्व्हच्या बैठका वारंवार घासल्या गेल्या असतील, तर व्हॉल्व्ह आत बुडतो, त्याच्या दांड्याचे टोक वर येते आणि हीच जागा 1.76 इंच होते. नुसत्या डोळ्यांना सहज न जाणवणाऱ्या या 0.06 इंचामुळे बैठकीवरचा दाब 80 वरून 64 पौंडांवर येतो, आणि नवा कॅम, नव्या स्प्रिंगा असूनही इंजिन अपेक्षेआधीच तरंगू लागते. त्यावर उपाय म्हणजे स्प्रिंगेखाली त्याच जाडीची शिम, म्हणजे पोलादी चकती, घालणे. परंतु शिम घातली की वरच्या टोकाची मोकळीक घटते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेटोळी एकमेकांना भिडली, तर स्प्रिंग स्प्रिंग राहत नाही, ती भरीव नळी होते, आणि मग पुशरॉड वाकतो किंवा लोब खरवडला जातो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हची उंची वेगळी मोजायची, पूर्ण लिफ्टला वेटोळ्यांत पुरेशी फट उरते का ते पाहायचे, स्प्रिंगेच्या टोपीचा तळ व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर आदळत नाही ना याची खात्री करायची, हा क्रम ठरून गेला. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात हे काम कंटाळवाणे आहे, आणि नेमके म्हणूनच ते टाळले जाते.

ताठ स्प्रिंग घालून सगळेच प्रश्न सुटले असते, तर हा इतिहास इथेच थांबला असता. स्मॉल-ब्लॉकच्या हेडात रॉकरचे खुंटे नुसते ठोकून बसवलेले होते. स्प्रिंगा भारी केल्या की ते हळूहळू वर उपसून येत, म्हणून शर्यतीच्या हेडात आटे पाडून खुंटे स्क्रूने बसवावे लागले. सपाट तळाचा टॅपेट लोबवर घासत जातो. लोबला दिलेला सूक्ष्म उतार आणि टॅपेटच्या तळाचा किंचित फुगवटा यांमुळे तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते, पण सुरुवातीच्या काही मिनिटांत दाब जास्त झाला, तर हे फिरणे थांबून लोबच नष्ट होतो. त्यामुळे नवा कॅम बसवल्यावर आतल्या स्प्रिंगा काढून ठेवायच्या, इंजिन 2,000 फेऱ्यांच्या आसपास वीसेक मिनिटे चालवायचे आणि मगच त्या परत घालायच्या, अशी रीत पडली. यातून खरी सुटका टॅपेटखाली चाक बसवण्याने झाली. पोलिओने चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या चेट हर्बर्ट या तरुणाने 1950 च्या सुमारास मोटारसायकलीच्या इंजिनांतली ही कल्पना हॉट रॉडमध्ये आणली. रोलर कॅममुळे लोबची बाजू अधिक उभी करता आली आणि दाब पूर्वी अशक्य वाटणाऱ्या पातळीला नेता आला, पण रोलर टॅपेट वजनाने जड असतो, आणि त्या वजनाचा हिशेबही शेवटी स्प्रिंगेनेच चुकता करायचा असतो. म्हणून पुढे टॅपेटवरच वेगळ्या स्प्रिंगेचा दाब देणारे ‘रेव्ह किट’ आले, ज्यामुळे टॅपेट आणि पुशरॉड यांचा भार मुख्य स्प्रिंगेवरून काही अंशी उतरला.

युरोपातील शर्यतींच्या अभियंत्यांनी याच प्रश्नाला निराळी उत्तरे शोधली, आणि तुलनेसाठी ती पाहणे उपयुक्त आहे. केसात लावायच्या आकड्यासारख्या आकाराच्या ‘हेअरपिन’ स्प्रिंगा मोटारसायकलींत आणि सुरुवातीच्या फेरारींत दिसतात. मर्सिडीजने 1954 च्या डब्ल्यू-196 या ग्रांप्री गाडीत स्प्रिंगच काढून टाकली आणि व्हॉल्व्ह बंद करायलाही दुसरा कॅम योजला. फाबियो टाल्योनी यांनी हीच ‘डेस्मोड्रोमिक’ रचना 1956 साली दुकातीच्या 125 सीसी रेसरमध्ये आणली आणि दुकातीने ती आपली ओळखच बनवली. 1986 साली रेनोच्या टर्बो इंजिनात तारेऐवजी दाबाखालचा वायू हीच स्प्रिंग झाली, आणि पुढच्या वीस वर्षांत फॉर्म्युला वन इंजिने मिनिटाला 20,000 फेऱ्यांपर्यंत पोहोचली. पैसा आणि कारखाना पाठीशी असलेल्यांचे हे मार्ग होते. गल्लीतल्या गॅरेजमध्ये इंजिन बांधणाऱ्याला तारेच्या स्प्रिंगेशीच संसार करायचा होता, आणि त्यामुळे तिच्यातून शेवटचा थेंब पिळून काढण्याची विद्या अमेरिकेतल्या पुशरॉड इंजिनांच्या आसपासच वाढली, असे म्हणायला जागा आहे.

या विद्येचे व्यापारी रूप म्हणजे संच. 1963 साली वेगाचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी सेमा ही आपली संघटना उभी केली आणि इस्केंडेरियन तिचा पहिला अध्यक्ष झाला. तोवर कॅम विकणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगात कॅमच्या क्रमांकाशेजारी टॅपेट, स्प्रिंग, टोपी आणि ती दांड्यावर अडकवणारे कॉटर यांचे क्रमांक येऊ लागले होते, आणि सगळे एका खोक्यात घेतले तरच कॅमची हमी, अशी अटही क्रमाने रूढ झाली. गिऱ्हाइकाला ती विक्रीची क्लृप्ती वाटली, आणि थोडीशी ती होतीही. परंतु परत आलेले खरवडलेले लोब आणि तुटलेल्या स्प्रिंगा टेबलावर पाहणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने ती स्वसंरक्षणाची अट होती. हीच जुळवणी अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींत टोकाला गेली. तेथे पुशरॉड आणि सपाट टॅपेट नियमानेच सक्तीचे असताना 358 घनइंचांची इंजिने तारेच्या स्प्रिंगांवर 9,000 फेऱ्यांच्या पलीकडे, शेकडो मैल, चालवली गेली. 2005 साली वेग आवरण्यासाठी गिअरच्या गुणोत्तरावरच नियम घालावा लागला, आणि रोलर टॅपेटला परवानगी मिळाली ती 2015 साली. या इंजिनांसाठी ‘स्पिनट्रॉन’ नावाचे यंत्र वापरात आले, ज्यात इंजिनाचा वरचा भाग विजेच्या मोटारीने फिरवून व्हॉल्व्हची प्रत्यक्ष हालचाल लेझरने मोजतात, आणि व्हॉल्व्ह कोणत्या फेऱ्यांवर लोब सोडतो, बैठकीवर किती उसळतो, हे इंजिन न पेटवताच दिसते. वरच्या बाजूला निमुळती होत जाणारी, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची ‘बीहाइव्ह’ स्प्रिंग, जिच्या वेटोळ्यांचा व्यास सगळीकडे सारखा नसल्याने लाट जोर धरत नाही आणि जिच्या टोपीचे वजनही घटते, ती जनरल मोटर्सच्या एल-एस कुळातल्या रस्त्यावरच्या इंजिनांतही आली. आज संगणकावर कॅम आखणारा माणूस स्प्रिंगेचे वजन, ताठपणा आणि कंपनसंख्या आधी भरतो आणि त्यानंतरच लोबची पहिली रेषा काढतो. झेफर स्प्रिंगांच्या काळात हा क्रम नेमका उलटा होता.